मर्यादवेलीच्या अलीकडे : कोल्हापूर ते तोंडवळी, एका दिवसाचा प्रवास

व्यापारी घराला सुट्टी मिळते ती मोजून मिळते. दुकानाला आठवड्यातून एक दिवस कुलूप लागते. त्यातही सकाळ राहिलेल्या हिशेबात जाते आणि संध्याकाळ नातेवाइकांच्या भेटीगाठीत. म्हणून कोल्हापूरच्या जैन कुटुंबाची एका दिवसाची सहल बहुधा ठरलेल्या ठिकाणीच होते. कुंभोजला बाहुबलींचे दर्शन, पन्हाळ्याची हवा, फार तर राधानगरीचे धरण. समुद्र मात्र ‘दोन दिवस हवेत’ या सबबीखाली दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. आणि जाणे झालेच, तर ते नावाजलेल्या किनाऱ्यावरच्या गर्दीत होते. तेथे पाण्यावर यांत्रिक बोटींची घरघर असते, वाळूवर वाहने धावतात आणि गाड्यांवरच्या कर्ण्यांतून गाणी चालू असतात. शांतता शोधायला निघालेले कुटुंब एका बाजारातून निघून दुसऱ्या बाजारात पोहोचते.

वस्तुतः समुद्र कोल्हापूरपासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे. घाट उतरून चार-साडेचार तासांत किनारा गाठता येतो. पहाटे निघाले, तर किनाऱ्यावर चार तास घालवून, सूर्यास्तापूर्वीचे जेवण न चुकवता त्याच रात्री घरी परतता येते. प्रश्न अंतराचा नाही, जागा निवडण्याचा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि त्याच्या सुमारे १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध गावे हळूहळू गजबजत गेली. परंतु दोन प्रसिद्ध गावांच्या मधल्या कितीतरी जागा अजून शांत आहेत. मालवण तालुक्यातील तोंडवळी ही त्यांपैकी एक. आचऱ्याच्या दक्षिणेला, सुरूच्या बनाआड लपलेली ही लांबच लांब पुळण एका दिवसाच्या प्रवासासाठी उत्तम आहे. ती शांत का आहे आणि शांत कशी राहील, हे समजून घेऊन गेले तर त्या दिवसाचे मोल आणखी वाढते.

घाटवाट

कोल्हापूरहून तळकोकणात उतरण्याच्या दोन वाटा सोयीच्या आहेत. एक राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाटावरून कणकवलीला जाते. दुसरी गगनबावडा, वैभववाडी आणि तळेरे या मार्गाने मुंबई-गोवा महामार्गाला मिळते. जाताना पहिली आणि येताना दुसरी घेतली, तर सह्याद्रीची दोन वेगळी रूपे पाहायला मिळतात. घाटांत दुरुस्ती किंवा दरड यांमुळे वाहतूक बंद असू शकते; निघण्याच्या आदल्या दिवशी तेवढी चौकशी अवश्य करावी.

पहाटे साडेपाचला निघालेली गाडी उजाडता उजाडता राधानगरीच्या परिसरात येते. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाचे लक्ष्मी तलावातील पाणी थंडीच्या दिवसांत धुक्याखाली झाकलेले असते. पुढे दाजीपूरचे रान लागते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य १९५८ पासूनचे; महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राधानगरी अभयारण्याचा समावेश आहे. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी पाळण्याची वेळ होते, तेव्हा गाडी नेमकी घाटमाथ्याच्या आसपास असते. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कोणाच्या डब्यातले खाकरे, उकळून गार केलेले पाणी. न्याहारीला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण.

व्यापारी घरातील मुलांना या घाटांचा जुना इतिहासही सांगण्यासारखा आहे. रेल्वे आणि मालमोटारी येण्यापूर्वी कोल्हापूरचा गूळ याच घाटांनी बंदरांकडे उतरत असे, आणि मीठ, नारळ, सुपारी, कोकम वर येत असे. राजापूर, खारेपाटण, मालवण, वेंगुर्ले ही नावे तेव्हाच्या पेढ्यांवर रोजच्या व्यवहारातली होती. खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. शिलाहारांचीच दुसरी शाखा पुढे कोल्हापुरावर राज्य करीत होती आणि तिच्या काळात या भागात जैन बसद्यांना दाने मिळाली. खारेपाटणला आजही जुने जैन मंदिर आहे. परतीच्या वाटेवर तळेऱ्यापासून थोडी वाकडी वाट करण्याची सवड असेल, तर त्याचे दर्शन घडते. म्हणजे समुद्राकडे जाणारी ही वाट आपल्या समाजाला नवी नाही. पूर्वज व्यापारासाठी ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आता एक दिवस काहीही विकत न घेता जायचे आहे.

दोन पाण्यांमधली पट्टी

कणकवलीहून आचऱ्याचा रस्ता काजूच्या बागा, कातळाचे सडे आणि कौलारू वाड्यांमधून खाली उतरतो. आचरा मागे पडले की वायंगणी आणि मग तोंडवळी. येथे भूमीचा आकार पाहण्यासारखा आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, आणि या दोहोंच्या मधून दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची लांब पट्टी. तिच्या टोकाशी तळाशील ही मच्छीमारांची वाडी. पलीकडे, खाडीच्या मुखाशी, सर्जेकोट. पट्टीच्या मध्यावर उभे राहिले तर डावीकडे संथ, हिरवट पाणी आणि उजवीकडे लाटांचा आवाज, असे दोन स्वभाव एकाच वेळी अनुभवता येतात.

किनाऱ्यालगत सुरूचे बन आहे. वारा त्याच्या सुईसारख्या फांद्यांतून जातो, तेव्हा जो आवाज होतो तो लाटांच्या आवाजात इतका मिसळून जातो की कोणता झाडांचा आणि कोणता पाण्याचा, हे डोळे मिटून सांगता येत नाही. खाली वाळलेल्या काड्यांचा मऊ थर, वर विरळ सावली. दुपारच्या उन्हातही येथे बसता येते. एक सामायिक म्हणजे दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. शहरात ही अठ्ठेचाळीस मिनिटे दूरध्वनी, दारावरची घंटा आणि रस्त्यावरचे भोंगे यांच्याशी झगडून काढावी लागतात. येथे मौन पाळावे लागत नाही, ते आपोआप येते.

परंतु ज्याला सगळे ‘जंगल’ म्हणतात, ते सुरूचे बन माणसाने लावलेले आहे, हे ठाऊक असावे. सुरूचे मूळ स्थान ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातील बेटे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो वारा अडवण्यासाठी आणि वाळू थोपवण्यासाठी लावला गेला. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून ठेवतात, म्हणून तो निकस वाळूतही जोमाने वाढतो. त्याचे उपकार आहेतच; मात्र किनाऱ्याचे खरे, आपोआप उगवलेले रान पाहायचे असेल, तर मान वर करून नव्हे, खाली घालून पाहावे लागते.

घोट्याएवढे रान

लाटा पोहोचतात त्या रेषेच्या थोडे वर, कोरड्या वाळूवर एक वेल पसरलेली दिसते. पाने आपट्यासारखी दुभागलेली, फुले जांभळट गुलाबी, सकाळी उमललेली. तिचे नाव मर्यादवेल. भरतीचे पाणी साधारण जिथपर्यंत येते, तिथून ही सुरू होते. समुद्राची मर्यादा दाखवणारी, म्हणून मर्यादवेल. कोकणातील माणसांनी तिला दिलेल्या या नावात किनाऱ्याचे सारे शास्त्र आले आहे. तिच्या लांब दोऱ्या वाळूवर पसरतात, जागोजागी मुळे सोडतात आणि वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवतात. तिच्यासोबत काटेरी, गोल झुपक्यांचे रावणमिशा नावाचे गवत असते. या दोघांनी धरलेल्या वाळूचा हळूहळू उंचवटा होतो, त्याच्या आधाराने केवडा आणि उंडी उभी राहतात, आणि त्यांच्यामागे माणसांची वस्ती सुरक्षित राहते. खाडीच्या बाजूला हेच काम खारफुटी करते. तिवर, कांदळ आणि चिप्पी यांची मुळे चिखल धरून ठेवतात आणि त्या मुळांच्या जाळ्यात असंख्य जलचरांची पिल्ले वाढतात. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

ओल्या वाळूवरचे जग तर आणखी सूक्ष्म आहे. ओहोटीनंतर वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. एका छोट्याशा खेकड्याने वाळूतले अन्नकण टिपून घेतले आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला ठेवली, त्याची ती खूण. रिकामा म्हणून उचललेला शंख कधीकधी तळहातावर चालू लागतो. त्यात दुसऱ्याच खेकड्याने घर केलेले असते. साधूंसाठी सांगितलेल्या ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहत चालायचे असते. गृहस्थाने एरवी नाही, तरी या किनाऱ्यावर एक तास तसे चालून पाहावे. पावलाखाली किती जीव आहेत हे प्रवचनात ऐकणे वेगळे, आणि पाऊल उचलून धरून प्रत्यक्ष पाहणे वेगळे. मुलांना षट्काय जीवांचा पाठ शिकवण्यासाठी यापेक्षा मोठी पाठशाळा नाही.

याच वाळूचा आणखी एक उपयोग आहे. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालण्यासाठी येतात. मादी रात्री लाटेबरोबर वर येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. ती पुन्हा त्यांच्याकडे येत नाही. दीड-दोन महिने ती अंडी केवळ वाळूच्या उबेवर वाढतात. पिल्ले नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरते. बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात. हजारो वर्षे रात्रीचे उजळ क्षितिज म्हणजे समुद्रच होता. आता किनाऱ्यावर दिवे लागले, की ती उलट दिशेला धावतात आणि मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, पण कायद्याच्याही आधी कामी येतो तो गावाचा निश्चय. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. पूर्वी जेथे अंडी उकरून नेली जात, तेथे आज गावकरीच राखण करतात. अभयदानाची इतकी शांत आणि इतकी ठोस उदाहरणे थोडी आहेत.

घरच्यांचे आणि पाहुण्यांचे

किनारा सुनसान दिसला, तरी तो कोणाच्याच मालकीचा नाही असे नव्हे. पिढ्यान् पिढ्या तो मच्छीमारांच्या कष्टांचा आहे. मालवणच्या परिसरात रापण ही जुनी पद्धत आहे. होडीतून अर्धवर्तुळात मोठे जाळे टाकतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेक जण मिळून ओढतात. मिळकतीचे वाटे पडतात. जैन कुटुंबाला हे दृश्य जड जाते, आणि जाणारच. मुले प्रश्न विचारतात. अशा वेळी नाक मुरडणे, मोठ्याने टीका करणे किंवा उपदेश करणे हे अहिंसेचे लक्षण नव्हे. ज्यांच्या दारात आपण आलो आहोत, त्यांचे मन दुखावणे हीही हिंसाच. आपण त्या मार्गाने जात नाही, का जात नाही, एवढे मुलांना हळू आवाजात सांगावे आणि बाजूने पुढे जावे. हेही सांगावे, की पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्यानेच बंद असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ आहे. पारंपरिक मच्छीमारही पूर्वापार नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा केल्यावरच नौका लोटत आले. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात. कारणे वेगळी, तरी पावसाळ्यातला विराम दोघांनाही ठाऊक आहे.

या माणसांपुढचा प्रश्न मोठा आहे. तळाशीलची पट्टी अरुंद. एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने खाडी तिची धूप करते आहे, आणि संरक्षक बंधाऱ्याची मागणी तेथील रहिवासी वारंवार करीत आले आहेत. तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सी वर्ल्ड’ नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा जमिनी जातील या भीतीने ग्रामस्थांनी त्याला विरोध केला. अशा ठिकाणी चार चाके वाळूवर नेऊन मर्यादवेल चिरडणे, शेकोटीसाठी सुरूच्या फांद्या तोडणे, यांचा अर्थ केवळ निसर्गाची हानी एवढाच राहत नाही. जी वेल कोणाच्या तरी घरासमोरची वाळू धरून आहे, तीच आपण गंमत म्हणून उपटलेली असते.

निष्प्रयोजन काही नको

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण नावाचे एक व्रत आहे. व्यवहारासाठी, पोटासाठी जी हिंसा टळत नाही, तिचा विचार इतर व्रतांत येतो. हे व्रत मात्र ज्या हिंसेतून काहीच साधत नाही, तिच्याविषयी आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतील प्रमादचर्येचे विवेचन वाचले तर जणू आजच्या सहलीचेच वर्णन वाटते. विनाकारण जमीन खणणे, पाणी उडवणे, आग पेटवणे, वारा घालणे, झाडे-वेली तोडणे, उगाच भटकणे आणि इतरांना भटकवणे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात समुद्रकिनाऱ्यावर काय करू नये याची यादी तयार आहे, आणि तिला नव्याने जोडावे असे फारसे काही नाही.

त्याच ग्रंथात दिग्व्रतासाठी, म्हणजे आपल्या जाण्यायेण्याची सीमा ठरवण्यासाठी, कोणत्या खुणा घ्याव्यात हेही सांगितले आहे. समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, प्रदेश आणि योजनांचे अंतर. तोंडवळीच्या एका दिवसात यांतील चार खुणा डोळ्यांसमोरून जातात. सह्याद्रीचा माथा, दाजीपूरचे अरण्य, गड नदीची खाडी आणि शेवटी समुद्र. जुन्या श्रावकाला या खुणा ‘येथपर्यंतच’ असे सांगत. आजच्या प्रवाशाला त्या ‘अजून पुढे’ असे खुणावतात. दोन्हींच्या मधली एक वाट कुटुंबाने ठरवून घेता येते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर घरातील ज्येष्ठांनी देशव्रताप्रमाणे त्या दिवसापुरती हद्द सांगावी. गाडी बनाबाहेर, पक्क्या रस्त्यालगत. सामान सावलीत, मर्यादवेलीच्या अलीकडे. वेलीच्या पलीकडे फक्त अनवाणी पावले, तीही वेल टाळून. या झाडापासून त्या होडीपर्यंत फिरायचे, त्यापुढे नाही.

या हद्दीत राहिले, तर काही गोष्टी सहज सुटतात. शंख-शिंपले घरी नेले जात नाहीत, कारण ते कोणाचे तरी घर आहेत किंवा होणार आहेत. थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव आणि चिखल्यांचे थवे ओल्या वाळूवर विसावलेले असतात. त्यांच्यात धावत जाऊन त्यांना उडवण्याची मुलांची हौस निरुपद्रवी वाटते, पण दूरचा पल्ला उडून आलेल्या त्या पक्ष्यांचा विसावा तिने मोडतो. ताटे स्टीलची नेली, की कागदी ताटांचा ढीग होत नाही. उष्टे, साली, पिशव्या आपल्याच डब्यातून परत येतात. बनात चूल पेटवण्याची गरज पडत नाही, कारण जेवण घरून बांधून आणलेले असते. ध्वनिवर्धक घरी राहतो. या प्रत्येक गोष्टीने कुटुंबाचे काय कमी झाले, असे परतताना विचारले, तर उत्तर बहुधा ‘काहीच नाही’ असे येईल.

पाण्याविषयी वेगळी सूचना आवश्यक आहे. शांत किनारा म्हणजे ज्यावर जीवरक्षक नाही असा किनारा. वरून संथ दिसणाऱ्या पाण्यातही आत ओढणारे प्रवाह असतात, आणि खाडीच्या मुखाजवळ ते अधिक बलवान असतात. घोटाभर पाण्यात उभे राहण्यापलीकडे कोणी जाऊ नये. पोहता येते असे म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. गावकऱ्यांनी ‘तिकडे नको’ म्हटले, तर तो शेवटचा शब्द समजावा.

तिथीवरून भरती

निघण्याचा दिवस ठरवताना घरातील पंचांग उपयोगी पडते. भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून असते, आणि तिथीही चंद्राचीच. किनारपट्टीवर एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले, की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे नेमके कुटुंब किनाऱ्यावर असताना उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतील फरक कमी असतो. त्याला भांगाची भरती म्हणतात. अष्टमी आणि चतुर्दशी या पर्वतिथींना अनेक घरांत उपवास, एकासन किंवा हिरव्या भाजीचा त्याग असतो. तेव्हा सप्तमी, नवमी किंवा दशमी पाहावी. दुपारी वाळू मोकळी असते आणि चालणे सोपे जाते. हा ठोकताळाच आहे. अचूक वेळेसाठी भरतीचे छापील कोष्टक पाहावे. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. हाच कासवांच्या विणीचाही काळ असल्याने वाळूत कुंपण घातलेली जागा दिसली, तर लांबूनच पाहावी.

परतीचा सूर्यास्त

समुद्रावर जाऊन सूर्यास्त न पाहता परतणे अनेकांना अपुरे वाटते. परंतु चौविहार पाळणाऱ्या घराची अडचण खरी आहे. सूर्य बुडेपर्यंत वाळूवर थांबले, तर संध्याकाळचे जेवण राहते आणि घाट अंधारात चढावा लागतो. यावर सह्याद्रीनेच उत्तर ठेवले आहे. दुपारी अडीचला तोंडवळी सोडावी. कणकवली, तळेरे, वैभववाडी करत करूळचा घाट चढून साडेपाचच्या आत गाडी गगनबावड्याला येते. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात उरलेल्या दशम्या, दही-भात, गूळ-शेंगा असे साधे जेवण शांतपणे आटोपते, पाणी पिऊन होते आणि पच्चक्खाण घेता येते.

त्यानंतर घाटमाथ्यावर येऊन उभे राहावे. समोर सारे कोकण उतरत गेलेले असते. एकामागून एक डोंगरांच्या रांगा, त्यांच्यामधला धुरकट उजेड, आणि जिकडे दुपार घालवली त्या दिशेला खाली जाणारे सूर्यबिंब. तेथून वाळू दिसत नाही, वेल दिसत नाही, तळाशीलची घरेही दिसत नाहीत. तरी लहान मुलांना बोटाने दाखवता येते, की आपण तिथे होतो आणि आता तिथे कोणी नाही. संध्याकाळच्या भरतीचे पाणी वर सरकत असेल आणि ओल्या वाळूवरची आपली पावले त्याने पुसून टाकली असतील. कोल्हापूर येथून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. आठ-साडेआठला गाडी घरी पोहोचते. सकाळी दुकान नेहमीच्या वेळेला उघडते.